शेवटची लाइन क्लिअर

(सरहद्दीच्या अलीकडे एक छोटं रेल्वे स्टेशन, पलीकडे दुसरं. मध्ये एक पूल आणि टेलिफोनची एकच तार. अलीकडच्या फोनवर मास्तर, पलीकडच्या फोनवर तिथलं स्टेशन सांभाळणाऱ्या ताई. दुपारचे साडेतीन.)

मास्तर: ...अहो ताई, गाडी आलीय हो! पण सिग्नलबाहेर ताटकळत उभी आहे. इथे फलाटावर तोफांची मालगाडी पसरलीय, हलायचं नाव घेत नाही.

ताई: मास्तर, चार वाजता आमचे लोक ही तार कापणार. त्यानंतर तुमच्या एकाही गाडीला लाइन क्लिअर द्यायची नाही, पुलावरून घ्यायची नाही, असा लेखी हुकूम आलाय मला. लवकर आवरा.

मास्तर: माझ्या हातात आहे का ते? लेक सकाळी दहापासून बाकावर बसलीय, बाळाला मांडीवर घेऊन. म्हटलं, राहा इथेच. तर म्हणते, "बाबा, यांना आज ना उद्या लढाईवर नेतील. निदान तोंड तरी बघू द्या." जावई तुमच्या बाजूला. काय बोलणार मी?

ताई: काही बोलू नका. पाच वर्षांची होती तेव्हा याच फोनवर मला विचारायची, "आत्या, तुमचं इंजिन कुठल्या रंगाचं?" डोकं खायची माझं.

मास्तर: एकोणीस वर्षं झाली ताई. अकरा किलोमीटरवर बसलोय आपण, आणि एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही.

ताई: मी तुम्हाला उंच समजते. नसाल तर आता सांगू नका.

मास्तर: सांगत नाही. पण हे पेटलं कशावरून हो? बंदराच्या जकातीवरूनच ना? आम्ही जकात वाढवली, तुम्ही बोटी अडवल्या.

ताई: तुम्ही पाच युद्धनौका बांधल्या, मग आम्ही सात.

मास्तर: आम्ही तुमच्या शेजाऱ्याशी करार केला, तुम्ही आमच्या. दोघांनाही वाटलं, समोरचा घाबरेल. कुणी घाबरलं नाही, सगळे दिलेल्या शब्दात अडकले. आता ज्यांना आपलं बंदर नकाशावर सापडायचं नाही, तेही बंदुका घेऊन निघालेत.

ताई: आणि त्या युद्धनौकांचं लोखंड कुठून गेलं, मास्तर? तुम्ही पाठवलंत, मी घेतलं. मी पाठवलं, तुम्ही घेतलंत. नऊ वर्षं.

मास्तर: मला तेव्हा कौतुक वाटायचं, काय धंदा वाढलाय म्हणून! चहा पाजायचो गार्डला. मूर्ख माणूस मी.

ताई: आपण दोघंही. किती वाजले तुमच्याकडे?

मास्तर: पावणेचारला चार मिनिटं कमी. अहो, हलली! मालगाडी हलली! थांबा हं, फोन ठेवू नका.

ताई: ठेवत नाही. पण चारला मला विचारून तोडणार नाहीत ते.

मास्तर: ताई... आलो. गाडी फलाटावर लागली, लेक चढली. द्या लाइन क्लिअर.

ताई: लाइन क्लिअर. सोडा.

मास्तर: आणि पूल? पुलावर सुरुंग लावलेत म्हणे तुमच्या लोकांनी.

ताई: लावलेत. तिथल्या सुभेदाराला मी स्वतः सांगून आलेय, एक गाडी राहिलीय म्हणून. त्यालाही पोरी आहेत. जा, झेंडा दाखवा.

मास्तर: ...गेली.

ताई: बारा मिनिटं कमी आहेत चारला. लिहून घेतलं.

मास्तर: ती खिडकीतून हात हलवत होती, ताई. आणि मी गाढवासारखा झेंडाच हलवत राहिलो. तीस वर्षांची सवय मेली! बाप म्हणून हात हलवायचा राहूनच गेला माझा.

ताई: कळलं असेल तिला. स्टेशनातच वाढलेली पोर आहे.

मास्तर: इथून तुमच्याकडे यायला चोवीस मिनिटं. तार तुटणार चारला. पूल ओलांडला की नाही, कधी कळायचं मला?

ताई: माहीत नाही, मास्तर. खोटं काय सांगू?

मास्तर: सांगा ना. एकदा म्हणा, गाडी पोचली.

ताई: शेवटचा डबा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी पोचली म्हणत नाही. एकदाही म्हटलेलं नाही.

मास्तर: म्हणूनच तर तुमच्या तोंडून हवंय. लढाई वर्षभर चालेल, नाहीतर दहा वर्षं. मी काय ऐकून झोपू सांगा? दोन मिनिटं उरलीत, ताई.

ताई: तीन अठ्ठेचाळीसला सुटली. त्यात चोवीस मिनिटं...

मास्तर: ताई? आहात ना?

ताई: आहे. घ्या लिहून. गाडी पोचली. चार वाजून बारा मिनिटं.

मास्तर: चार बारा. लिहिलं. आणि लेक?

ताई: उतरली. पिशवी मी घेतलीय तिच्या हातातली. बाळ खांद्यावर झोपलंय तिच्या.

मास्तर: झोपलंय? मग हळू बोला, ताई. उठेल ते.