गुळणीचं पाणी

लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं आणि पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. दाताच्या दवाखान्यात सिंधू गाल धरून बसली होती. शेजारी अहमदपूरकडची पंचशीला सासूवर, पारूबाईवर, कावली होती.

“दाढ काढून चार दिस झाले, आत्या. तोंडाला वास कशाचा येऊन राहिला? मिसरी लावली?”

“न्हाई गं. डब्बी तूच लपवलीस की.”

“मिठाच्या पान्याच्या गुळण्या?”

“करती. दिसातून चारदा.”

“मंग अंगणात वल कशी दिसंना? थुकता कुठं?”

“थुकत न्हाई. गिळती.”

“गिळता? अवं, घाण बाहेर पडावी म्हणून गुळणी असती! तरीच तांब्यावर तांब्या पिऊन राहिल्या!”

“तू कोसभरावरून डोक्यावर घागर आणायची, अन् म्या ते मातीत थुकू? तोंड सडलं तरी चालंल मला.”

तेवढ्यात पारूबाईला आतून हाक आली आणि दोघी आत गेल्या. उघड्या दारातून सिंधूला दिसलं, डॉक्टरांनी चूळ भरायला पेला दिला होता आणि पारूबाई गाल फुगवून सुनेकडं बघत होती.

“थुका, आत्या,” पंचशीला म्हणाली. “हे डाक्टरचं पानी हाय.”