चित्रातलं कुत्रं

मघापासनं दात काढताय लेको, पण हसण्यापायी मी हातची बायको घालवलीय, म्हणून सांगतो.

लढाईचे दिवस होते. मी सांगलीत हळदीच्या पेठेत कामाला. माण भागातल्या एका मेंढपाळाची पोरगी मी बघून आलो होतो आणि ती मला लय पसंत होती. पुढं तिचे वडील माझं घरदार बघायला आले. त्यांच्यावर छाप पाडावी म्हणून मी या होणाऱ्या सासऱ्यांना, म्हणजे मामांना, तंबूतल्या सिनेमाला नेलं.

मोठ्या सिनेमाआधी हातानं काढलेल्या चित्रांची छोटी फिल्म लागली. त्यात एक बोकड राखणीच्या कुत्र्याला ढुशी मारून कड्यावरनं खाली पाडायचा. कुत्रं भाकरीवाणी चपटं व्हायचं, उठायचं, पुन्हा पडायचं. मी मांड्या बडवून हसत होतो. मामा मात्र पडदा सोडून माझ्याकडंच बघत होते.

“पाव्हणं, एवढं कशाला हसताय?”

“आवं मामा, चित्रातलं कुत्रं हाय. त्येला कुठं लागतंय?”

“कुत्रं चित्रातलं हाय, पर हसणारं तुमी तर खरं हायसा न्हवं? उद्या माझी पोर पाय घसरून पडली, तर काय करशीला?”

मी घाईघाईनं म्हणालो, “उचलीन की.”

“व्हय, उचलशीला. पर आदी हसून घेशीला.”

एवढं बोलून मामा उठले ते थेट गावाकडं गेले, आणि सोयरीक तिथंच मोडली. मागं बसलेल्यांनी सगळं ऐकलं होतं. ते खदाखदा हसले. तोंड कुठं लपवावं मला कळेना, आणि मला उचलायला काही कुणी आलं नाही.