काठाची खूण

अखिला : नीट ऐक अम्मा. कोणीही आलं तरी एकच सांगायचं. वरच्या लॉजचा पाइप रात्री फुटला, आपण दोघी घरी झोपलो होतो, सकाळी दुकान उघडलं तेव्हा कळलं. बस्स.

अंबा : पाइप दुपारी फुटला.

अखिला : ते मला ठाऊक आहे. लोकांना कशाला?

अंबा : आणि मी इथंच बसले होते.

अखिला : अय्यो, तेच तर सांगायचं नाही! राजवाड्याच्या गल्लीतलं चिदंबररावांचं पुस्तकाचं दुकान म्हटलं की ऑटोवाला पुढं विचारत नाही. अप्पांनी जन्म घालवला ते नाव मिळवायला. आज दुपारी दुकान रिकामं करून किल्ली द्यायची आहे. जाता जाता ते नाव घालवायचं?

अंबा : तू काल गेलीस तेव्हा जमीन कोरडी होती. तू गेलीस आणि भिंतीवरून धार लागली.

अखिला : आणि मी ट्रक ठरवून दिवेलागणीला परत आले, तर तू खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेली! देवीपुढचा पाट पाण्यात, पाटावरची पुस्तकं पाण्यात. एक हाक मारायचीस ग. समोरचा फुलवाला नटराज धावत आला असता.

अंबा : सरस्वतीपुढं मांडलेलं पुस्तक विजयादशमीला सकाळी, म्हणजे आज, उचलायचं. तोवर हात लावायचा नाही, वाचायचं नाही. लहानपणी तू गणिताचं पुस्तक मुद्दाम तळाशी ठेवायचीस, कोणी काढू नये म्हणून.

अखिला : विषय बदलू नको. देवीनं काय सांगितलं होतं, बुडू द्या म्हणून? आपली असती तर मी बोललेच नसते. लोकांची होती ती. दुकानाची शेवटची पूजा म्हणून जो तो इथून घेतलेलं आपलं आवडतं पुस्तक घेऊन आला. कोण मदुरैहून आलं, कोण ओरत्तनाडूहून. आणि तू लग्नाच्या साडीचा काठ कापून खुणा केल्यास. अर्धी पट्टी पुस्तकात, अर्धी त्यांच्या हातात.

अंबा : दर वर्षी जुनेराचा कापायची. यंदा शेवटचं म्हणून ती साडी काढली. दुकान गेलं तरी आठवणीला राहील म्हणाले सगळे.

अखिला : त्या काठाचा रंग सुटलाय. सगळी पुस्तकं लाल झालीत.

अंबा : पाहिलं. सासूबाईंनी पक्का रंग म्हणून पारखून आणली होती.

अखिला : म्हणून म्हणते, रात्री फुटला म्हणायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. अप्पाच म्हणायचे ना?

अंबा : म्हणायचे. पण मूठ गळायला लागल्यावर झाकून काय करायचं?

(दारावर टकटक होते.)

श्रीहर्ष : येऊ का वहिनी? लवकर आलो जरा. ओरत्तनाडूहून पहिली बस धरली. परत जाऊन मुहूर्त गाठायचा आहे.

अखिला : या ना काका. बसा. म्हणजे… ती खुर्ची घ्या, बाक ओला आहे.

श्रीहर्ष : बसत नाही. ही पट्टी. माझं ते बाराखडीचं पुस्तक तेवढं द्या. आज हरिताला अक्षरं काढायला बसवायचं आहे. सूनबाईनं, सौम्यानं, ताटात तांदूळ पसरून ठेवलेत. पोरीनं पहाटेच रेशमी पावडा-परकर घातला, कोणाला हात लावू देत नाही. शाळामास्तर होतो मी, किती पोरांचे हात धरले असतील. पण नातीच्या वेळी रात्रभर झोप नाही.

अखिला : काका, ऐका ना. वरच्या लॉजचा पाइप रात्री—

अंबा : दुपारी, श्रीहर्षराव. काल दुपारी फुटला. मी इथंच होते.

अखिला : अम्मा, प्लीज.

श्रीहर्ष : कसला पाइप?

अंबा : पाणी वरून आलं. पाटापर्यंत चढलं. तुमचं पुस्तक लहान म्हणून मीच सगळ्यांत खाली ठेवलं होतं.

श्रीहर्ष : वाळेल की. पंख्याखाली धरू.

अंबा : कागदच राहिला नाही. पान उचललं की लगदा हातात येतो. हे पाहा.

श्रीहर्ष : हे नव्हे.

अंबा : हेच. खूण आहे त्यात. तुमच्या हातातल्या पट्टीशी लावून पाहा.

श्रीहर्ष : यात माझ्या नितीनची पेन्सिल होती. प्रत्येक अक्षरावर गिरवलेलं होतं त्यानं. 'ळ' काढताना जीभ बाहेर काढायचा. गाडीखाली गेला त्या दिवशी घरात आणलेलं त्याचं सामान सौम्यानं उघडलंसुद्धा नाही अजून. एवढं एक पुस्तक ती रोज पोरीला दाखवायची. तुझ्या बापाचा हात, म्हणायची.

अखिला : काका, मी चेन्नईहून नवं पाठवते. चांगलं, रंगीत.

श्रीहर्ष : नव्यात काय आहे ग? मला ही मराठी अक्षरं येत नाहीत. मी तमिळ शिकवत आलो. बोलायला मराठी, लिहायला तमिळ, आपल्या घराघरांत तेच. नितीनला चिदंबरदादांनी या बाकावर बसवून शिकवलं, मी शेजारी बसून ऐकायचो. वहिनी, तुम्ही इथं होतात म्हणालात. मग उचललं का नाही?

अखिला : पूजेत ठेवलेलं होतं ना काका. म्हातारं माणूस, रूढी मोडवेना. तुम्हीही समजू शकता.

श्रीहर्ष : तसं असेल तर… तसं असेल तर काय बोलणार. आमची आईही हात लावू देत नसे.

अंबा : रूढीनं नाही.

अखिला : अम्मा, झालं. ते समजले. सोड आता.

अंबा : रूढी मोडता आली असती. देवीला हात जोडून उचलली असती, तिनं काय केलं असतं? दोनदा उठलेही. पण पुस्तकं उचलली की पूजा संपते, श्रीहर्षराव. पूजा संपली की किल्ली द्यायची. एवढंच डोक्यात होतं. हे गेल्यानंतर या दुकानात मी एकटी बसत आले, आणि आता चेन्नईला तिच्या फ्लॅटमध्ये जाऊन बसायचं. पाणी चढत होतं तोवर दुकान माझं होतं. मी बसून राहिले.

श्रीहर्ष : आणि आमची पुस्तकं?

अंबा : दिसत होती.

अखिला : अम्मा… मला का नाही सांगितलंस? जायचं नाही म्हणून एकदा तरी बोलायचीस.

अंबा : बोलले होते. तू ट्रकवाल्याशी फोनवर होतीस.

श्रीहर्ष : मी निघतो. पोर वाट पाहत असेल.

अंबा : श्रीहर्षराव, मी येते तुमच्याबरोबर. मला अक्षरं येतात. तांदळावर तिचं बोट धरून काढून देते. तेवढं करू द्या मला.

श्रीहर्ष : तुमचा हात? नको वहिनी. तमिळच काढेल ती. ते मला येतं.

अखिला : काका, निदान ही पट्टी तरी राहू द्या. दुकानाची आठवण.

श्रीहर्ष : तुमच्याकडेच असू दे.

अखिला : गेले. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. तू बस इथं. मी दार लावून घेते.

अंबा : नको, उघडंच असू दे. अजून पुष्कळ जण पट्ट्या घेऊन यायचेत.