जांभळीखालचं भेकर

ऐका रे, जरा शेकोटीजवळ सरका. मागं कोण बसलंय? पुढं ये बाबा. पाठीशी अंधार घेऊन ही गोष्ट ऐकू नये.

आपल्या वरच्या वाडीचा सटुप्पा. पट्टीचा शिकारी. आणि जनावर सोलावं तर त्यानंच! एकदा त्यानं आणि त्याच्या मेव्हण्यानं, धाकलूनं, खिंडीत भेकर पाडलं. दिवस बुडत आलेला. गावात देवीची पालखी, म्हणजे शिवेच्या आत रक्त न्यायचं नाही. वरच सोलायचं. मागले पाय बांधून भेकर जांभळीला टांगलं, आणि बघतात तर सुरी घरी राहिलेली!

"तू राखण बस. मी आलोच," म्हणत सटुप्पा खाली आला.

बायको म्हणाली, "अहो, अंधार पडला. उजाडल्यावर जावा की."

ऐकतोय होय! सुरी कमरेला खोचली, कंदील उचलला, निघाला.

चढाला लागला तशी मागं पानं वाजली. हा थांबला, पानं थांबली. हा चालला, पानं वाजली. कोल्हंबिल्हं असंल, म्हणत गडी खिंडीत पोचला. भेकर लटकतंय. खाली धाकलू पाठमोरा बसलाय, डोक्यावरून घोंगडं.

"पाय धर रे जरा."

घोंगड्यातनं हात आला, वर गेला, पाय धरला. आता बघा हं, पाय फांदीला, डोक्याच्याही वर. आणि हा बसलेला! सटुप्पाचं ध्यान सुरीत. त्यानं घोट्याभोवती काप घेतला, कातडं खाली ओढायला लागला. कातडं गरम. मरून चार घटका झाल्या, तरी ऊन ऊन!

"धाकलू, हे गार कसं नाही झालं?"

"घाई काय, दाजी? होईल."

आवाज धाकलूचाच. पण ओला. डबक्यातनं आल्यासारखा.

सुरी अडली. "धार गेली रे. एखादा दगड बघ."

"दगड कशाला? माझं नख घ्या की."

सटुप्पा हसला. एकटाच हसला. मग त्यानं कंदील वर धरला. फांदीला दुसरा दोर. फास करून ठेवलेला!

"हा कुणासाठी रे?"

"दुसरं जनावर आलंय न्हवं."

तेवढ्यात खाली ओढ्यावर कुत्री भुंकली. धाकलूचीच ती, त्याला सोडून कधी राहायची नाही. पाठोपाठ हाक आली, "दाजीऽऽ! कुठं राहिलाय? खाली याऽऽ!"

अरे देवा! धाकलू खाली, मग हा कोण?

सटुप्पाला सगळं उमगलं. पण हात थांबू दिला नाही. सोलतच राहिला. सोलता सोलता म्हणाला, "जरा लघवीला जाऊन येतो."

"जावा. पण दोराचं टोक हातात ठेवा."

फासाचा दोर सुटून हातात आला. सटुप्पा करवंदीच्या जाळीआड गेला, टोक जाळीला बांधलं आणि सुटला. कंदील तिथंच, सुरी तिथंच!

मागं दोराला हिसका बसला. "झालं का, दाजी?" पुन्हा हिसका. "झालं का?" तिसऱ्या हिसक्याला जाळी मुळासकट उपटली, आणि ती फरफटत याच्या मागं! खर्रर्र... खर्रर्र... पाठीला काटे लागले, सदरा फाटला. सटुप्पा ओढ्यात पडला तसा धाकलूनं दंडाला धरून ओढून घेतला. कुत्री पाण्याच्या काठावर उभी राहून भुंकत होती. पलीकडचा आवाज तिथंच थांबला.

"वर पाणी नाही म्हणून आडवाटेनं भेकर खाली आणलं मी," धाकलू सांगायला लागला. उंबराला भेकर टांगलेलं. गार, ताठ. कातड्याला ओरखडासुद्धा नाही! सटुप्पानं धापा टाकत वर घडलेलं सांगितलं.

"मग दाजी, वर सोलत काय होता?"

सटुप्पानं हात पुढं केले. कोपरापर्यंत लाल. उजाडेपर्यंत धूत बसला. तापानं महिनाभर अंथरुणाला खिळला, आणि जगला तोवर सुरीला शिवला नाही.

म्हणून सांगतो पोरांनो, दिवे लागल्यावर खिंडीची वाट धरायची नाही. कुणी ओळखीच्या आवाजात बोलावलं, तरी नाही.