पित्ताचे भाषांतर

तुम्हांला सांगते, औषधाचा कागद वाचल्याशिवाय मी दवाखान्यातून हलत नाही. परवा इथे आखातात, अल कुसैसच्या दवाखान्यात, औषधे लिहून देणाऱ्या नर्सबाईंनी मला नेमके पेनिसिलिन लिहिले. मी तक्रारीचा फॉर्म मागितला.

त्या शांतपणे म्हणाल्या, "अम्मा, आपके बेटे ने बोला, इससे सिर्फ ॲसिडिटी होती है."

मी मुलाकडे वळले. "श्रीधर, मी तुला काय सांगायला सांगितले होते?"

"पेनिसिलिनने पित्त उठते."

"अंगावर उठते, श्रीधर. गांधी येतात, ओठ सुजतात."

नर्सबाईंनी तत्काळ औषध बदलले आणि म्हणाल्या, "शिकायत फिर भी लिखिए, अम्मा."

'कोणाविरुद्ध' या रकान्यात मी श्रीधरचे नाव लिहिले.

"आई, मी इथे नोकरीला नाही."

"ही रुग्णांवर ईश्वराची कृपा."