मारियाच्या नावाची ओटी

तुळजापूरला दर्शनाच्या रांगेत माझ्यापुढं नळदुर्गची एक तरुण बाई होती, आणि तिच्यापुढं ईटची एक म्हातारी.

"मावशी, दोन ओट्या कशाला वो?"

"एक माझ्या उत्कर्षसाठी बोललेली. अमेरिकेतनं सुखरूप घरी आला."

"सुट्टीवर?"

"न्हाय गं, तिथल्या सरकारनं धाडला. कागद नव्हते, चोरून ऱ्हायला हुता."

"मग धाडणारच की. तिथल्यांची कामं ह्यांनी घ्यायची व्हय?"

"खरंय तुझं. घर त्यांचं, उंबरा त्यांचा. म्या कशाला रुसू?"

"आन दुसरी ओटी?"

"मारियाच्या नावाची. हाटेलात त्याच्यासंगं भांडी घासायची. चार वर्षं तिच्या हातच्या मक्याच्या भाकरीवर माझं लेकरू जगलं. तापात पडला तवा तीच उशाला बसली."

"तिथलीच का ती?"

"न्हाय, तीबी बिनकागदाचीच. अजून तिथंच हाय."

"पुजारी नाव-गाव विचारत्यात बरं, मावशी."

"नाव सांगंन. गाव न्हाय सांगायची."

"देवीपुढंबी?"

"देवीला ठावं हाय, बाई. पर रांगेत लई कान असत्यात."

मी एक पाऊल मागं सरलो.