माझ्या जागी सफरचंदं

— बसा हो कप्तानसाहेब, घाई कसली? खिंडीत ढग बसलाय, तो उठल्याशिवाय तुमचं विमान काही उठत नाही. एरवी तुम्ही लोक खाली पाय तरी ठेवता का? एक पंखा आपला गरगर चालूच, माणसं उतरवली, माणसं चढवली, की चालले — बरोबरच आहे म्हणा, वारा सुटल्यावर ह्या एवढ्याशा पट्टीवरून कोण उडणार? भाकरी घ्या, कुट्टूची आहे. काय? — नाही बाई, मी कधीच बसले नाही. जन्म गेला ह्या पट्टीच्या कडेला चहा उकळण्यात, पण विमानात — छे! तुम्हाला आतून दिसत नसेल, मला दिसतं ना. उतारावरून सुसाट सुटतं, पट्टी संपते, पुढे कडा — आणि जातं की ते खाली! दिसेनासंच होतं. मग केव्हातरी नदीपलीकडे वर येतं. तेवढ्यात माझा चहा हमखास उतू जातो. हसा, हसा.

पोरगा आहे ना, एकच — लालबीर. कतारला क्रेन चालवतो. सुट्टीवर आलाय, खाली नेपाळगंजपर्यंत. वर का नाही आला म्हणता? कसा येईल? मागच्या खेपेला आला होता, आणि जायच्या दिवशीच पाऊस लागला. विमान येईना. पोरगा रोज बॅग घेऊन ह्याच बाकावर, आभाळाकडे डोळे लावून — आणि मी मेली मनातून खूश, म्हटलं, राहील अजून दोन दिवस. तिकडे त्याची नोकरी गेली, ही दुसरी कशीबशी मिळाली. तेव्हापासून म्हणतो, आमा, तूच ये खाली. रागानं नाही हो, गोड बोलतो. उद्या परत निघालाय. आता पुन्हा कधी, देव जाणे.

तर मी काय सांगत होते — हां, तिकीट. आहे ना माझं तिकीट, त्यानंच काढलंय! त्या सामान तोलणाऱ्या हिक्मतला विचारा. हा आठवडाभर रोज विमान येत असल्याचा भोंगा वाजला की मी दुकान झाकते, नवं नेसते, काट्यावर उभी राहते — बेचाळीस किलो भरते, हाडंच सगळी. विमानाच्या दारापर्यंत जाते, आणि पायरीवर पाऊलच उचलत नाही. मग जागा रिकामी कशाला न्यायची? माझ्या वजनाची सफरचंदं चढवतो हिक्मत, आणि तिकीट ढकलतो उद्यावर. भला माणूस. खाली लालबीर जाळीला धरून उभा असतो, आई उतरेल म्हणून — आणि उतरतात पेट्या. काल फोनवर म्हणाला, "आमा, सफरचंदं गोड आहेत." मी फोन ठेवून दिला. चूल विझवली आणि तशीच बसले, एकटीच — रोजच बसते म्हणा.

काय? तुमच्या पाठीमागच्याच खुर्चीवर बसू म्हणता? डोळे मिटून? — तुम्ही चांगल्या घरचे दिसता... बघा, ढग उठला. हाका मारतायत तुम्हाला. नाही, ते बोचकं माझंच आहे, पण उचलू नका. ठेवा म्हणते ना खाली! चहाचं काही नको, निघा, वारा सुटेल. आणि खाली लालबीर भेटला तर सांगा, आज विमानात जागाच नव्हती. तुम्ही कप्तान आहात, तुमचं तो खरं मानेल. जा.